घर मयूर विहारात, कायदा पुण्याचा!

मंडळी, अध्यक्षाने आधी आभार मानावेत असा रिवाज आहे. ते मानतो आणि लगेच विषयाकडे वळतो, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे भाडेकरार या महिन्यात संपत असतील.

दिल्लीच्या मयूर विहारात घर घेऊन भाड्याने देणारा मराठी माणूस बरोबर पुण्याचा कायदाही घेऊन येतो. तिकडे 'लीव्ह अँड लायसन्स'. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. दिल्लीत तो कायदा नाही. इथला भाडे नियंत्रण कायदा 1958 चा, आणि 1988 च्या दुरुस्तीने महिना साडेतीन हजारांवरची भाडी त्यातून वगळली. (साडेतीन हजारांत फेज वनमध्ये कुणी घर देत असेल तर मला आधी सांगा.) म्हणजे तुम्हाला लागू 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि तुमच्या करारात जे लिहिलं असेल ते. बाजारातून आणलेल्या छापील नमुन्यावर निव्वळ नावं भरून सही ठोकणाऱ्यांची मला कीव येते.

अकरा महिन्यांचंही तसंच. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून अकरा. त्यात गैर काही नाही. पण बारावा महिना उजाडतो, भाडेकरू भाडं पाठवतो, आपण ते मुकाट्याने घेतो, आणि तो महिनेवारीचा भाडेकरू होऊन बसतो. मग पंधरा दिवसांची नोटीस, तिच्या मजकुरावरून वाद, आणि पुढे कोर्टाच्या तारखा. तेव्हा दहाव्या महिन्यातच विषय काढा. चावी देताना विजेच्या मीटरचा फोटो दोघांच्या देखत काढा, पोलीस पडताळणीची पावती करारालाच जोडा.

खरा धोका मात्र खरेदीत आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) पॉकेटांतले आणि सोसायट्यांतले कित्येक फ्लॅट मुखत्यारपत्रावर हात बदलत आले. दलाल फाइल उघडतो, वरचा कागद कोरा करकरीत असतो आणि तळाशी घडीवर फाटलेलं एक मुखत्यारपत्र. ते देणारा गृहस्थ हयात आहे का, हे विचारलं की दलालाला फोन येतो! 'सूरज लॅम्प' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं, मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. तेव्हा मूळ वाटपपत्रापासूनची साखळी, फ्रीहोल्ड झाल्याचा कन्व्हेयन्स डीड आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र हाती येईपर्यंत बयाणा देऊ नका. भाव दोन लाखांनी उतरला म्हणून तर मुळीच नाही.

मेट्रोच्या नकाशावरही पैसे लावू नका. पिंक लाइन डिसेंबर 2018 मध्ये मयूर विहार पॉकेट वनपर्यंत आली आणि त्रिलोकपुरीपाशी जागेच्या वादात अडकली. तो तुकडा जोडला गेला ऑगस्ट 2021 मध्ये. मधल्या काळात कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत. धावणारी गाडी बघून भाव ठरवा, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला घेताना साठीतला भाडेकरू मिळणार नाही, हे धरून चाला.

मुलाच्या नावावर घर आहे आणि मुलगा अमेरिकेत, असे इथे बरेच आहेत. मालक अनिवासी असला की भाड्यातून कर कापून भरायचा तो भाडेकरूने. हे त्याला आधीच सांगा, करारात लिहा.

जेवणानंतर मी इथेच आहे. फाइली दाखवायच्या असतील तर झेरॉक्स आणा. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, माझ्यासुद्धा.