मैदान खेळाडूंचे, महासंघ कुणाचा?

(परतूर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दुष्काळ, पीकविमा आणि बेरोजगारी या विषयांच्या पंगतीत क्रीडासंघटनांच्या कारभाराचा विषय वाढलेला पाहून तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. ‘सरांना निवृत्तीनंतर खेळ सुचू लागले’ असे एकजण चहाच्या वेळी म्हणाल्याचेही माझ्या कानावर आले आहे. त्याचे बरोबरच आहे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने कबड्डी-कुस्तीवर बोलावे हे थोडे विपरीतच. परंतु मी खेळाविषयी बोलणार नाही, मताविषयी बोलणार आहे. संघटना ज्यांच्या नावाने चालते, त्यांना त्या संघटनेत मत असते काय, हा प्रश्न समाजवाद्यांना परका कसा असेल?

प्रथम हे पाहू, की यात आपल्या तालुक्यातील सामान्य घराचे काय पणाला लागलेले आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी मान्य स्पर्धेत खेळावे लागते, आणि स्पर्धेत कोण खेळणार हे संघटना ठरवते. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीची चढाई कितीही वेगवान असो, तिच्या नोकरीची वाट अखेर एका सहीपाशी येऊन थांबते. ज्या सहीला बाजारात किंमत असते तिथे बाजार भरतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा होय. मराठवाड्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, ती याच कारणाने. त्यात चोरी झाली ती शासनाची नव्हे, मैदानावर घाम गाळणाऱ्या खऱ्या खेळाडूंची.

माझी एक विद्यार्थिनी उत्तम कबड्डी खेळत असे. एका निवड चाचणीत ती खेळली, सर्वांच्या देखत चांगली खेळली, आणि यादी लागली तेव्हा तिचे नाव नव्हते. ती रडली नाही. तिने मला एवढेच विचारले, “सर, तक्रार कुणाकडे करायची?” चौकशी केली तेव्हा कळले, की ज्यांनी यादीवर सही केली तेच तक्रार ऐकणारे. मी त्या संघटनेचे नाव घेणार नाही, कारण दोष एका माणसाचा असता तर माणूस बदलून भागले असते. त्या मुलीच्या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. आजचे भाषण हे त्याचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

या संघटनांची रचना कशी असते? गावातील मंडळ जिल्हा संघटनेला संलग्न, जिल्हा संघटना राज्य संघटनेला, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाला. प्रत्येक पायरीवर खालची संस्था वरच्या संस्थेची सभासद असते. कागदावर पाहिले तर हे डॉ. लोहियांच्या चौखंभा राज्यासारखे दिसते, परंतु साम्य तिथेच संपते. चौखंभा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या प्रत्येक खांबाला लोकांचा थेट आधार अपेक्षित होता. येथे खेळाडू कुठल्याच खांबाला टेकलेला नाही. सभासद संस्था असते, माणूस नसतो. खेळाडू खेळतो, मंडळाचा पदाधिकारी मत देतो, आणि वर जाता जाता त्या मताचा खेळाडूशी असलेला संबंध पातळ होत होत नाहीसा होतो.

कबड्डीचेच उदाहरण घेऊ, कारण हा खेळ आपल्या मातीतला. गेल्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी हुतूतूला नियमांची शिस्त लावली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी या खेळासाठी हयात घालवली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि तेव्हापासून सुवर्णपदक भारताचेच, असा जणू नियम झाला.

आता त्याच खेळाच्या राष्ट्रीय महासंघाची कहाणी ऐका. जनार्दनसिंग गेहलोत हे सुमारे २८ वर्षे अध्यक्ष होते. कालमर्यादेचा नियम आडवा आला तेव्हा २०१३ साली अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडे गेले आणि स्वतः गेहलोत आजीव अध्यक्ष झाले. गेहलोतांनी कबड्डीला आशियाई मैदानावर नेण्यासाठी खटपट केली हे मान्य करायला हवे. परंतु कर्तबगारीची परतफेड संस्थेच्या मालकीने करायची नसते. काही माजी खेळाडू न्यायालयात गेले. ३ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही दोन्ही पदे रद्द ठरवून महासंघावर प्रशासक नेमला. त्याच महिन्यात जाकार्तात भारताच्या पुरुष संघाला कांस्यपदकावर आणि महिला संघाला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे सप्टेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने आशियाई संघ आणि निवड न झालेले खेळाडू यांचा सामना ठरला, तर आशियाई संघ मैदानात उतरलाच नाही. राष्ट्रीय संघाची निवड न्यायालयाच्या देखरेखीखाली पडताळावी लागावी, यापेक्षा एखाद्या संघटनेवर अविश्वासाचा ठराव तो कोणता?

आणि पुढे काय झाले? प्रशासकाची राजवट वर्षानुवर्षे लांबली. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक झाली, तरी निवडून आलेल्यांकडे कारभार गेला नाही. निवडून आलेली कार्यकारिणी नाही म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने दार लावून घेतले. अखेर दोन महिला खेळाडूंनाच सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारभार सोपवण्याचा आदेश झाला. मार्च २०२५ मध्ये आपल्या मुली तेहरानला गेल्या आणि आशियाई विजेतेपद घेऊन परतल्या. साथींनो, या साऱ्या प्रकरणात हालचाल केली ती प्रत्येक वेळी खेळाडूंनी. परंतु त्यांना ती करावी लागली न्यायालयाच्या पायऱ्यांवर. स्वतःच्या संघटनेच्या सर्वसाधारण सभेत त्यांना उभे राहायला जागा नव्हती.

कुस्तीचे चित्र याहून विदारक आहे. ज्या देशाला खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वातंत्र्यानंतरचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, त्या देशाच्या महिला मल्लांना जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसावे लागले. महासंघाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, पोलिसांनी त्यांना फरफटत नेलेले साऱ्या देशाने पाहिले. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे; त्याविषयी मी बोलत नाही. मी बोलतो आहे त्या वर्षीच्या २१ डिसेंबरच्या निवडणुकीविषयी. माजी अध्यक्षांच्या निकटचे संजय सिंग यांना ४० मते पडली. राष्ट्रकुल सुवर्णपदक विजेत्या मल्ल अनिता श्योराण यांना ७. एकूण ४७ मते! लाखो तरुण ज्या खेळाच्या आखाड्यात उतरतात, त्याचे भवितव्य ४७ मतांनी ठरले, आणि ती मते राज्य संघटनांच्या प्रतिनिधींची होती. त्याच दिवशी साक्षी मलिकने आपले बूट टेबलावर ठेवून निवृत्ती पत्करली.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या ग्रंथात सांगितले, की संस्था बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. दुकानदार वाईट माल देऊ लागला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. परंतु राष्ट्रीय क्रीडा महासंघ हे गावातील एकच दुकान आहे. भारतातर्फे खेळायचे तर दुसरा महासंघ नाही. सोडून जाणे म्हणजे खेळ सोडणे. मग उरला आवाज. तो मताशिवाय उठवला तर निवड समिती तो लक्षात ठेवते. खेळाडूची उमेद दहा वर्षांची, पदाधिकाऱ्याची खुर्ची तीस वर्षांची. या व्यवहारात खेळाडूने गप्प बसणे हेच शहाणपण ठरते. त्याच्या मौनाला आपण भित्रेपणा म्हणतो. वस्तुतः तो मक्तेदारीचा परिणाम आहे.

यावर उपाय म्हणून तीन दरवाजे ठोठावले गेले. पहिला न्यायालयाचा. २०१३ च्या सामनानिश्चिती प्रकरणानंतर लोढा समितीने क्रिकेट नियामक मंडळाची झाडाझडती घेतली आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या शिफारशी बहुतांशी मान्य केल्या. त्यात ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व होते. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशी आपल्या राज्याची तीन मते त्यामुळे एकावर येणार होती. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयानेच हे तत्त्व सैल केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तीच्या विश्रांतीचा नियमही. टिकले ते काय? २०१९ साली स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना आणि मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत तिचे दोन प्रतिनिधी. वरून आलेले नियम वाकले. खेळाडूंना मिळालेली जागा राहिली. यातून काय शिकायचे ते उघड आहे.

दुसरा दरवाजा आंतरराष्ट्रीय संघटनांचा. तिथे ‘स्वायत्तता’ हा परवलीचा शब्द आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल महासंघाच्या मतदार यादीत ३६ नामवंत खेळाडूंना स्थान दिले. ऑगस्टमध्ये फिफाने भारताला निलंबित केले, आणि काही दिवसांत ती ३६ नावे यादीतून गेली. निवडणुकीत बायचुंग भुतियाला ३४ पैकी १ मत मिळाले. निवडून आलेले कल्याण चौबे हेही माजी गोलरक्षकच, हे न्यायाने सांगितले पाहिजे. प्रश्न कोण जिंकले हा नाही, कुणी निवडले हा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या नव्या घटनेत नामवंत माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत स्थान मिळाले, म्हणजे ते अशक्य नव्हते. स्वायत्तता आम्हा समाजवाद्यांनाही प्रिय आहे. परंतु ती सभासदांची असावी, सभासदांपासून नसावी.

तिसरा दरवाजा सरकारचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम मंजूर केला. कार्यकारिणीत १५ पेक्षा अधिक सदस्य नकोत, त्यात किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला हव्यात, वादांसाठी न्यायाधिकरण असावे, अशा त्यात तरतुदी आहेत. महिलांना आणि खेळाडूंना जागा मिळाली याचे मी स्वागत करतो. परंतु मान्यता देणारे आणि काढून घेणारे मंडळ केंद्र सरकारने नेमायचे, यातील धोका आणीबाणी पाहिलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. शिवाय कायदा शिखराची डागडुजी करतो. तालुक्यातील मंडळाच्या सभासद नोंदवहीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. आणि सारी गोम त्या नोंदवहीत आहे.

ती नोंदवही आपल्या परिचयाची आहे. सहकारी साखर कारखान्यात ‘एक व्यक्ती, एक मत’ हे थोर तत्त्व असूनही काय घडले? मयताचे नाव यादीत राहिले, विरोधकाचा अर्ज गहाळ झाला, वार्षिक सभा दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून उरकली. तत्त्व चुकीचे नव्हते; सभासद जागा नव्हता. म्हणून खेळाडूला मत मिळाले की रामराज्य येईल, असे मी म्हणत नाही. खेळाडूंतही गट पडतील, जातीपाती शिरतील. परंतु मत असलेल्या माणसाची चूक पुढच्या निवडणुकीत दुरुस्त होते. मत नसलेल्याच्या नावाने केलेली चूक दुरुस्त व्हायला वीस वर्षे आणि एक न्यायालय लागते.

मग परतुरात बसून आपण काय करावे? महासंघाची घटना आपण इथून बदलू शकत नाही, पण तिचा पाया बदलू शकतो. आपल्या भागातील बहुतेक क्रीडामंडळे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असतात. संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा अधिक थकली तो मतदानास अपात्र ठरतो. निवडणुका येथे जिंकल्या जातात: आपल्या माणसांची वर्गणी गुपचूप भरायची आणि दुसऱ्याची घ्यायचीच नाही. म्हणून पहिले काम, अठरा वर्षांवरील प्रत्येक खेळाडूला, मुलींना विशेषत्वाने, मंडळाचा सभासद करा, आणि वर्गणी पावती घेऊनच भरा. दुसरे, वार्षिक सभेची लेखी सूचना, हिशेबपत्रक आणि मतदार यादी मागा. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला की नाही ते पाहा. तिसरे, निवड चाचणीचे गुण त्याच दिवशी मैदानावर लावावेत आणि तक्रार ऐकणारा निवड करणाऱ्यांपैकी नसावा, असा ठराव प्रत्येक मंडळाने करून जिल्ह्याकडे धाडावा. चौथे, जिल्हा संघटनेवर जाणारा मंडळाचा प्रतिनिधी सभासदांनी मतदानाने निवडावा आणि परतल्यावर त्याने अहवाल द्यावा.

हे सांगताना माझी कबुलीही देतो. एका व्यायाममंडळाचा कोषाध्यक्ष म्हणून मी अकरा वर्षे राहिलो. पैशाचा हिशेब चोख ठेवला, पण वार्षिक सभा दोनदाच झाली. ‘आपण प्रामाणिक आहोत, मग सभा कशाला?’ असे मला वाटे. खुर्चीला चिकटलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो, हे मला फार उशिरा उमगले. आपल्या चळवळीतील संस्थांकडेही जरा या नजरेने पाहा. तिथेही काही अध्यक्ष आजीव झालेले आढळतील.

कबड्डीत चढाई करणारा गडी एकटा जातो, पण त्याने गडी टिपले म्हणजे आपल्या बाजूचा बाद होऊन बसलेला गडी उठून पुन्हा मैदानात येतो. आपल्या संस्थांत बाद करून बसवलेले सभासद फार आहेत. त्यांना उठवून आत आणणे हे आपले काम आहे. माझी ती विद्यार्थिनी आज एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. उद्या तिच्या एखाद्या मुलीने विचारले, “बाई, तक्रार कुणाकडे करायची?” तर तिला सांगता यावे, की सभेत ये, तुझे नाव यादीत आहे.