घशाचा कर्करोग : तंबाखू आणि विषाणू



जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आपल्या जिल्ह्यातील गावागावांत तंबाखूची चंची आणि मशेरीची डबी अजून दृष्टीस पडते. तोंडाचा वा घशाचा कर्करोग म्हटला की आपल्याला प्रथम तंबाखू आठवते, आणि ते योग्यच आहे. आपल्या देशात या रोगाचे सर्वांत मोठे कारण आजही तेच होय. मात्र त्यातून एक घातक समजूत रूढ होते : “मी तंबाखूला कधी शिवलो नाही, तेव्हा मानेतली ही गाठ साधीच असणार.” या समजुतीपायी मोलाचे महिने वाया जातात.

टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या ठिकाणी होणाऱ्या कर्करोगांपैकी काहींच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार विशेष घातक आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या शरीरात मात्र तो टिकून राहतो आणि अनेक वर्षांनी रोग उद्भवतो. म्हणून रुग्णाच्या चारित्र्याविषयी तर्क करणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे. लाजेने रोग लपतो, थांबत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारणही हाच विषाणू. हे दाखवून देणारे शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक लाभले. या विषाणूविरुद्धच्या लढ्यात आपल्या मराठवाड्याचाही वाटा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणी उपलब्ध करून दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. घशासाठी अशी सर्रास वापरण्याजोगी चाचणी अद्याप नाही. तेथे आपली सावधगिरी हाच पहिला पहारेकरी.

मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूची घसादुखी, गिळताना अडथळा, आवाजातील बदल किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. विषाणूजन्य घशाचा कर्करोग वेळीच सापडल्यास उपचारांना चांगला प्रतिसाद देतो.

प्रतिबंधक लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. ९ ते १४ या वयात, संसर्गापूर्वी दिल्यास लसीचा सर्वाधिक लाभ होतो. झालेला रोग मात्र ती बरा करीत नाही.

तंबाखू सोडा, मुलींच्या लसीविषयी डॉक्टरांशी बोला, आणि मानेतली गाठ लपवू नका, एवढे आवाहन करून मी आपली रजा घेतो.