सद्दालपुत्ताची मडकी आणि लवासाची दरड
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षेप)



२५ जुलै २०२४ रोजी मुळशी तालुक्यात आभाळ फाटले. ताम्हिणी घाटात चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक, तर लवासा येथे साडेचारशेच्या आसपास पाऊस झाला आणि लवासातील दोन बंगल्यांवर दरड कोसळली. त्यापूर्वी २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. अशा प्रत्येक प्रसंगी घराघरांतून एकच उद्गार निघतो, व्हायचे ते होणारच. अलीकडे त्याला विज्ञानाची झूलही चढवली जाते. पृथ्वी तापली, वेळ निघून गेली, आता कोणी काय करणार!

हा विचार नवा नाही. उपासकदशांग या आगमाच्या सातव्या अध्ययनात पोलासपूरच्या सद्दालपुत्त कुंभाराची कथा आहे. तो गोशालकाच्या आजीविक पंथाचा अनुयायी, म्हणजे पक्का नियतिवादी. मडकी उन्हात वाळत असता भगवान महावीरांनी त्यास विचारले की, ही प्रयत्नाने घडली की प्रयत्नावाचून? माती कालवणारा, चाक फिरवणारा तो स्वतःच. तरी त्याने उत्तर दिले की सर्व काही नियत आहे, प्रयत्न असे काही नाही. मग ही मडकी कोणी फोडली, वा पत्नीशी कोणी दुर्वर्तन केले, तर? त्याला शासन करीन, प्राणही घेईन, असे कुंभार उसळून म्हणाला. सर्वच नियत असेल तर शासन कोणाला आणि कशाबद्दल, या प्रश्नापुढे मात्र तो निरुत्तर झाला.

नियतीचे नाव माणूस सोयीने घेतो, हे या कथेचे मर्म. बंगल्याचे आरक्षण करताना, नफ्याचा हिशेब मांडताना कोणाला नियती आठवत नाही. ती आठवते दरड कोसळल्यावर.

लवासाच्या बाबतीत नियत किती आणि कृत किती? हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. वातावरणात साठलेल्या वायूंचे हे फळ आता भोगावेच लागेल. परंतु वरसगाव जलाशयाकाठी, मोसे खोऱ्यात इटलीतील पोर्तोफिनोच्या धर्तीवर नगर वसवणे हा निर्णय माणसांचा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्यास सांगितले आणि वर्षभराने सशर्त मंजुरी दिली, तेही माणसांनीच. त्याच २०११ साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात नवी गिरिस्थाने नकोत असे सुचवले होते. २०१८ मध्ये लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कापलेले डोंगर तेथेच राहिले. या एका दरडीचे नेमके कारण भूशास्त्रज्ञ ठरवोत.

आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ ही पाच कारणे सांगून त्यांपैकी एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व ठरविले. हताश माणूस नियती धरून बसतो. भाबडा आशावादी तरी वेगळे काय करतो? एक रोप लावून फोटो काढतो आणि उतारावर दुसरे घर घेतो.

संवर आणि निर्जरा हे शब्द या सभेला परिचित आहेत. औद्योगिक युगापूर्वी हवेत दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या वर आहे. हवामानशास्त्र सांगते की, निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले तर तापमानाची पुढील वाढ बव्हंशी थांबते. झालेली वाढ मात्र शतकानुशतके टिकते. म्हणजे आस्रव रोखता येतो. साठलेले झडायला काळ लागतो. प्रत्येक दशांश अंश वाचवणे म्हणजे घाटातील एखाद्या वाडीवरचा धोका कमी करणे होय.

सद्दालपुत्ताने पुढे श्रावकाची बारा व्रते स्वीकारली. त्यांत परिग्रहाची मर्यादा आली आणि भोगोपभोगाचीही. गोशालक त्याला परत वळवण्यासाठी पोलासपुरास आला. सद्दालपुत्ताने त्याला राहण्यास जागा दिली, त्याचे मत मात्र पुन्हा स्वीकारले नाही.