ग्रह, मन आणि जोशीबुवा

तुयेसारख्या पेडण्यातील गावी मुलीचे लग्न ठरवावयाचे म्हटले की पत्रिका प्रथम जोशीबुवांकडे जाते. त्यांनी होकार देऊनही आईबापांचे मन साशंक राहिलेच, तर देवळात प्रसाद लावतात. मूर्तीवर चिकटविलेल्या ओल्या पाकळ्यांतील उजवी पडली, की कौल मिळाला!

जोशीबुवांची पद्धत रोखठोक. छत्तीसांपैकी निदान अठरा गुण जमावेत, मंगळ नसावा. आता हा मंगळ पाहा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी तो असला की दोष मानतात. बारा स्थानांपैकी पाच! म्हणजे शंभरातील चाळीसांहून अधिक मुलामुलींच्या कपाळी हा शिक्का केवळ गणितानेच बसावयाचा. शास्त्राने परिहारही भरपूर सांगितले आहेत, हे त्याचे शहाणपण. परंतु परिहार ऐकण्यापूर्वीच स्थळ परत गेलेले असते.

नव्या ज्योतिषाचा सूर याहून मवाळ आहे. डेन रुध्यार यांच्या १९३६ सालच्या ग्रंथापासून पश्चिमेकडे कुंडलीला स्वभावाचा आरसा मानण्याची प्रथा रुजली. प्रख्यात मानसशास्त्रज्ञ युंग यांनीही, निदान अवघड झाले तर आपण रुग्णाची कुंडली मांडून पाहतो, असे १९४७ साली बंगळूरचे ज्योतिषी रामन यांना कळविले होते. येथे शनी संकट आणीत नाही. तो अंतरीच्या भयाचे नाव होतो. ऐकावयास हे गोड वाटते खरे.

पण भाकीत सोडल्याने ज्योतिष चुकावयाचेच थांबते, हे ध्यानात घ्यावयास हवे. फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली एकोणचाळीस विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन, प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून, वाटले. त्यांनी त्याला पाचापैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले! जुन्या पद्धतीची निदान परीक्षा तरी घेता येते. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका मिसळून सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : शेकडा सेहेचाळीस उत्तरे बरोबर. नाणे उडवूनही याहून वाईट निकाल लागला नसता.

मग लोक जातात कशाला? माझ्या मते, कोणीतरी अर्धा तास निवांत ऐकून घेते म्हणून. या ऐकण्याचे मोल गोव्यातच मोजले गेले आहे. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी येथील चोवीस दवाखान्यांपैकी निम्म्यांत, डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांना, खिन्नतेने व चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांशी बोलावयास लावले. सहा महिन्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांतील असे सुमारे सहासष्ट टक्के रुग्ण बरे झाले होते. ही सोय नसलेल्या केंद्रांत सुमारे त्रेचाळीस. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही, हेही २०१० साली त्यांनी प्रांजळपणे छापले. त्या समुपदेशकांपैकी कोणीही रुग्णाची जन्मवेळ विचारली नव्हती.