कप्तानाचा नकार

विमानतळावर ताटकळत बसलेल्या उतारूला एकच गोष्ट दिसते : विमान सुटण्याची वेळ टळून गेली आहे. त्याच वेळीं विमानाच्या दाराशीं काय वाद चालला आहे, हें त्याला कळत नाहीं. पुष्कळदां तो वाद यंत्राविषयीं असतो. क्वचित् तो अधिकाराविषयीं असतो. कप्तान म्हणतो, "हें विमान मी नेणार नाहीं." कंपनीचा अधिकारी म्हणतो, "नेण्यास कांहीं हरकत नाहीं." अशा वेळीं कोणाचा शब्द चालावा, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

कायद्याच्या दृष्टीनें उत्तर सोपें आहे. १९४४ सालीं शिकागो येथें आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतुकीचा करार झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, विमान ज्याच्या हुकमतींत आहे त्या वैमानिकाचाच निर्णय अखेरचा. आपल्याकडे गलबताचा मालक निराळा आणि तांडेल निराळा. परंतु वारा पाहून शीड उभारावें कीं नाहीं, हें तांडेलानेंच ठरवावयाचें. तोच हा न्याय. मग भांडण उरतें कोठें? तें उरतें कागदावरचा अधिकार आणि प्रत्यक्षांतील परिस्थिति यांच्यामधल्या अंतरांत.

अमेरिकेंतील एक हकीकत पहा. जून २०११ मध्यें यूएस एअरवेज कंपनीचें एक विमान फिलाडेल्फियाहून रोमला निघावयाचें होतें. मोठ्या विमानाच्या शेपटांत एक लहान इंजिन बसविलेलें असतें. मोठीं इंजिनें बंद असतां वीज तेंच पुरवितें, आणि तीं सुरू करण्यास लागणारी दाबाची हवाहि त्याच्याकडूनच मिळते. हें लहान इंजिन नादुरुस्त असलें तरी ठराविक अटींवर उड्डाण करण्याची मुभा नियमांत असते. परंतु वैमानिकांच्या संघाच्या म्हणण्याप्रमाणें, त्या दिवशीं विजेच्या पुरवठ्यांतहि बिघाड आढळला होता, आणि पुढें तर अटलांटिक महासागर ओलांडावयाचा होता. कप्तान बाईंनीं विमान नेण्यास नकार दिला. त्यांच्यावर दडपण आणलें गेलें, असा आरोप संघानें केला आणि जुलै महिन्यांत एका मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन तो लोकांपुढें मांडला.

कंपनीनें आरोप साफ नाकारला. सुरक्षिततेचें नांव पुढें करून संघ वेतनाच्या वाटाघाटींत आपला हात वर ठेवूं पाहत आहे, असें तिचें म्हणणें पडलें. हें म्हणणें अगदींच वाऱ्यावर सोडण्यासारखें नव्हतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यायालयानें संघाला कामांत मुद्दाम दिरंगाई करण्याची मोहीम थांबविण्याचा मनाईहुकूम दिला. तो हुकूम मोहिमेविषयीं होता. एका कप्तानाच्या एका रात्रीच्या निर्णयाचा तो निवाडा नव्हता. तरी त्यावरून एवढें दिसतें कीं, नकाराचें शस्त्र दुसऱ्या कारणासाठींहि वापरलें जाऊं शकतें. ती कंपनी २०१३ मध्यें अमेरिकन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. प्रश्न मात्र शिल्लक राहिला. दुरुपयोगाची भीति आहे, तर अखेरचा शब्द कप्तानाकडे ठेवावाच कशाला?

याचें उत्तर कॅनडांत मिळतें. आणि तें फार महाग पडलेलें उत्तर आहे.

१० मार्च १९८९ रोजीं एअर ऑन्टॅरियो कंपनीचें एक फोकर विमान थंडर बे येथून ड्रायडनमार्गें विनिपेगला जाण्यास सज्ज होत होतें. त्याच्याहि शेपटांतील तें लहान इंजिन कांहीं दिवस नादुरुस्त होतें. ऐन वेळीं दुसऱ्या एका रद्द झालेल्या विमानाचे दहा उतारू त्यांत भरण्यांत आले आणि वजन मर्यादेबाहेर गेलें. कप्तानाचा विचार होता कीं, हे दहाजण उतरवावे. कंपनीच्या अधिकाऱ्यानें फर्माविलें कीं, उतारू राहूं द्या, इंधन काढा. कप्तानानें तें मानलें. इंधन काढण्यांत वेळ गेला, आणि तें कमी पडल्यामुळें ड्रायडनला पुन्हा भरणें भाग पडलें.

आतां एका गांठींत दुसरी गांठ कशी अडकली तें पहा. ड्रायडनला इंजिन बाहेरून सुरू करून देणारें यंत्र नव्हतें, आणि विमानाचें लहान इंजिन तर बंद. म्हणजे मोठीं इंजिनें एकदां थांबविलीं तर विमान तेथेंच अडकून पडणार. म्हणून एक इंजिन चालू ठेवूनच इंधन भरावें लागलें. तेवढ्यांत बर्फ पडूं लागलें. पंखांवरचें बर्फ औषधी द्रव फवारून काढतात. पण इंजिन चालू असतां या विमानावर तो फवारण्यास मनाई होती. उतारूंमध्यें दोन वैमानिकहि होते. पंखांवरचा थर त्यांना दिसला. कप्तानाला तें ठाऊक असेलच असें समजून ते गप्प राहिले. त्यांतच उतरणाऱ्या एका लहान विमानासाठीं आणखी थांबावें लागलें. दुपारीं बारा वाजून गेल्यावर विमान धावपट्टीवरून सुटलें. परंतु पंखावर थोडासा खडबडीत थर असला तरी त्याची उचलण्याची शक्ति घटते. विमान वर चढलेंच नाहीं. धावपट्टीपलीकडे एक किलोमीटरच्या आंतच तें झाडांत कोसळलें. ६९ जणांपैकीं २४ जण मरण पावले. त्यांत कप्तानहि होता.

न्यायमूर्ति व्हर्जिल मोशान्स्की यांनीं या अपघाताची चौकशी केली आणि १९९२ सालीं अहवाल दिला. उड्डाणाच्या निर्णयाची जबाबदारी कप्तानाची होतीच, असें त्यांनीं म्हटलें. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहींत. ज्या व्यवस्थेनें त्याला अशा पेचांत नेऊन उभें केलें, तिनेंच त्याला दगा दिला, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि त्यांनीं ज्या १९१ शिफारशी केल्या, त्यांचा रोख त्या सबंध व्यवस्थेकडे आहे.

श्रोतेहो, या हकीकतींत कप्तानाचा अधिकार कोणीहि काढून घेतला नव्हता. ड्रायडनच्या धावपट्टीवर तो "आज विमान जाणार नाहीं" असें म्हणूं शकत होता. पण तें म्हणणें घटकेघटकेला महाग होत गेलें होतें. लहान इंजिन वेळेवर दुरुस्त झालें नाहीं तेव्हां तें महागलें. थंडर बेला त्याचा शब्द डावलला तेव्हां आणखी महागलें. आणि ताटकळलेल्या उतारूंच्या मुद्रा पाहून तर फारच महागलें असेल. नुसत्या अधिकारदानानें कंपनीचें कर्तव्य संपत नाहीं. तो अधिकार वापरतांना माणसाला फार मोठी किंमत द्यावी लागूं नये, अशी व्यवस्था करणें हें तिचें खरें कर्तव्य.

आणि दुरुपयोगाचें काय? दोन चुका तराजूंत घालून पहा. विनाकारण दिलेला नकार कांहीं तास आणि कांहीं पैसे खातो. त्याची चौकशी उद्यां करतां येते. चुकून दिलेल्या होकाराची चौकशीहि होते. परंतु तेव्हां साक्ष देण्यास माणसें उरलेलीं नसतात. म्हणून नकाराचा हिशेब मागावयाचा तर तो मागाहून, शांतपणें मागावा. विमानाच्या दाराशीं मागूं नये.

शेवटीं आपल्याविषयीं. पुढच्या खेपेस विमान अडून राहिलें आणि कप्तानानें नेण्यास नकार दिल्याचें कानांवर आलें, तर आपण चिडण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. नकाराची किंमत वाढविणाऱ्यांत आपणहि असतों. ती थोडी कमी करणें आपल्या हातीं आहे.