जखमी शिपाई आणि दोन खात्यांमधली वाट
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



पलटणींत भरती होणारा शिपाई बहुधा तुमच्याआमच्याच घरचा असतो. त्याला गोळी लागली तर पलटणीचा डॉक्टर त्याचा जीव वांचवितो. पण पाय गमावलेला तो गडी नोकरी सुटून घरीं निघाला, म्हणजे पुढें त्याचें कोण पाहणार? एका खात्याचा उंबरा सोडून दुसऱ्याचा गांठतांना तो मधल्यामधेंच पडतो. आज आम्ही तेंच सांगणार आहों.

अमेरिका केवढें धनाढ्य राष्ट्र! तेथें चाकरींतल्या शिपायाचें औषधपाणी युद्धखातें पाहतें, आणि चाकरी सुटल्यावर माजी सैनिकांचें निराळें खातें पाहतें. इराक व अफगाणिस्तानांतून हजारों जखमी परतले, तेव्हां या दोहोंमधली दरी उघडी पडली. २००७ च्या फेब्रुवारींत 'वॉशिंग्टन पोस्ट' पत्रानें वॉल्टर रीड या लष्करी इस्पितळाची हकीकत छापली. आंत शस्त्रक्रिया उत्तम. पण पुढील उपचारासाठीं ठेवलेल्या शिपायांच्या १८ नंबरच्या इमारतींत भिंतींना बुरशी, खोल्यांत उंदीर, आणि कागदांसाठीं महिनोन्महिने खेटे! तपासण्याही दोन. पाय एकच गेलेला, पण त्याची टक्केवारी दोन खात्यांत दोन तऱ्हेची!

मार्चमध्यें भूदलाच्या मंत्र्यानें राजीनामा दिला. बॉब डोल व डॉना शलाला यांच्या हाताखालीं कमिशन बसलें. डोल हे १९४५ सालीं इटलींत जखमी होऊन त्यांचा उजवा हात कायमचा अधू झालेला. म्हणजे ज्याचें जळतें त्यालाच कळतें. कमिशननें जुलैंत सांगितलें कीं, जबर जखमी शिपायामागें एक जबाबदार माणूस द्या, त्याच्या उपचाराची एकच योजना लिहा, आणि तपासणी एकदांच करा.

सल्ला चोख होता. पण झालें काय? दोन्ही खात्यांनीं आपापलीं माणसें नेमलीं! २०११ सालीं तेथील सरकारी हिशेबतपासणी कचेरीनें एक उदाहरण पुढें आणलें. अवयव गमावलेल्या एका शिपायास एक मदतनीस म्हणे नोकरी सोड, दुसरा म्हणे नोकरींतच राहा. आणि दोघांस एकमेकांचा पत्ता नाहीं! दोन घरचा पाहुणा उपाशी, तो हा असा.

आतां आपल्या दारीं पाहूं. पुण्यास १९४४ पासून कृत्रिम अवयवांचें केंद्र आहे. खडकीस अपंग शिपायांस धंदा शिकविणारी, १९१७ सालीं स्थापन झालेली क्वीन मेरी संस्था आहे. माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं सैनिक कल्याण कार्यालय आहे. दारें पुष्कळ आहेत. पण एका दारांतून दुसऱ्यांत हात धरून नेणारा माणूस लागतो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: मुलगा इस्पितळांत असतांनाच विचारा कीं, याच्या पुढच्या उपचाराची जबाबदारी कोणाची? त्या माणसाचें नांव लिहून घ्या. वैद्यकीय मंडळाच्या निकालाची नक्कल मागा, आणि पेन्शनच्या कागदांसह जमिनीच्या उताऱ्यासारखी जपा. घरांतली सून किंवा लेक लिहितीवाचती असेल, तर ते कागद तिच्या हातीं द्या. सरकारापाशीं मागणी करा ती भिक्षेची नव्हे. ज्यानें पाय दिला, त्याला दहा दारीं चालावयास लावूं नका, एवढीच!