इंग्रजीची उत्तरपत्रिका
भिलाईनजीकच्या जामुल येथील मराठी कुटुंबातला विद्यार्थी घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलतो. केंद्रीय मंडळाच्या बारावीस मात्र त्याची गाठ इंग्रजीशी पडते. अवधी तीन तास, गुण 80. त्यांतील निम्मे साहित्याचे. उरलेले 20 शाळेच्या हाती. पाठांतरावर विसंबणाऱ्याची खरी फजिती होते ती अपठित उताऱ्यात. तेथे कोणतेही ‘गाईड’ कामास येत नाही. रोज वर्तमानपत्रातील एखादा परिच्छेद वाचावा व त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत उतरवावा, हाच काय तो उपाय. मौज अशी, की ‘फ्लेमिंगो’ या पाठ्यपुस्तकाचा आरंभच आल्फोन्स दोदे यांच्या कथेने होतो. 1870-71च्या युद्धात फ्रान्स हरल्यानंतर आल्सेसमधील एका शाळेत भरलेला फ्रेंचचा तो अखेरचा तास. मातृभाषा दुरावण्याची ती व्यथा या मुलाने इंग्रजीत लिहावयाची. त्याच्या मराठीचा तास तर वेळापत्रकात बहुधा नसतोच.